जाडीचा सीन

रविवार, रात्री उशिरा

मे महिन्यात सोलापुरात दुपारी तीनच्या खेळाला येणारे निम्मे लोक एसीसाठी येतात, सिनेमा वरकड. आज आम्हीही त्यातलेच. भाचा सुट्टीला आलाय, सिनेमा त्यानंच निवडला. गोष्ट कसली! पादणं, घसरणं, लुंगी सुटणं, आणि एक जाडी नवरी. ती टेकली की पलंग मोडतो. दर वेळी मोडतो आणि दर वेळी थिएटर दणाणतं. मीही भरपूर हसले. भाच्याला तर हसून हसून ठसका लागला.

बरोबर वन्सं होत्या. अंगानं चांगल्या भरलेल्या. परतताना रिक्षात मी जरा गप्प गप्प होते, तर त्याच म्हणाल्या, "आमचा नाही मोडायचा पलंग. सागवानी आहे, प्लायचा नव्हे."

असले सिनेमे का चालतात, याचं एक सोलापुरी उत्तर माझ्याकडे आहे. आमच्या शेजारी तेलुगू बोलणारं कुटुंब होतं, पुढं कानडी बोलणारी पोरं, मागं दखनीतून चाललेली टिप्पणी. शाब्दिक कोटीवर ही सगळी मंडळी एकदम हसणं अवघड. लुंगी सुटली की झालं, तिथं भाषा लागतेच कुठं. शिवाय गर्दीचा हात असतो. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं लोकांच्या हसण्याच्या नोंदी ठेवल्या, त्यात माणूस एकटा असण्यापेक्षा चारचौघांत तीसपट जास्त हसताना दिसला. हाच सिनेमा घरी मोबाइलवर लावला असता तर मी दहा मिनिटांत बंद केला असता. त्याला हलकट म्हणून नाक मुरडायलाही मी तयार नाही. भरतानं नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितले, स्मितापासून अतिहसितापर्यंत. डोळ्यांत पाणी येणं, खांदे गदगदणं, कुशी दाबून धरणं हे त्यानं अधम पात्रांच्या वाट्याला दिलंय खरं. पण दिलंय, वगळलं नाही. आणि तमाशातली बतावणी तरी कुठं सोवळ्यात होती?

मला खटकलं ते वेगळंच. जुन्या विनोदातला जाडा हा बहुतेक करून शेठ नाहीतर सावकार असायचा. पोट सुटलंय म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं ओढलंय, हा हिशोब बघणाऱ्याला पाठ होता आणि त्या हसण्यात थोडी वसुलीही होती. आजच्या सिनेमातली नवरी गरिबाघरची. तिनं कुणाचं काय खाल्लंय? तरी तिच्या हातात सतत समोसा. म्हणजे दोष तिचाच हे आधीच ठरलेलं, आणि ते ठरलंय म्हणूनच हसू मोकळं सुटतं. तिला थायरॉइड आहे असं एका वाक्यात सांगितलं असतं, तर सीन तिथंच पडला असता.

खादाडपणा हेच कारण धरलं तर पुढचं गणित जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत २०२२ साली जगातल्या दर आठ माणसांमागे एक लठ्ठ होता. प्रौढांमधलं प्रमाण १९९० पासून दुपटीच्या वर गेलंय. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जास्त वजनाच्या बायका २०१५-१६ ला शंभरात एकवीसच्या आसपास होत्या, २०१९-२१ ला चोवीस. एवढ्या सगळ्यांची जीभ एकाच पिढीत सुटली?

अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार पटतो. वीस माणसं रुग्णालयात ठेवली. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अन्न, दोन आठवडे साधं रांधलेलं. दोन्हींत साखर, चरबी, मीठ, चोथा सारखाच ठेवला आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. कारखान्यातल्या अन्नावर तीच माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खात होती, आणि खातही भराभर होती. माणसं तीच, स्वभाव तोच. आता आमच्या गल्लीतल्या दुकानात दारातच पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकतात, जिन्नस वाचले की पामतेल हटकून निघतं. कडक भाकरी चावायलाच वेळ लागतो, हे पाकीट चहाबरोबर कधी संपलं ते कळत नाही. (शेंगतेलाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तेल कुठलंही असो, ग्रॅमला नऊ कॅलरी.)

त्यात आपली हाडापेरातलीच भानगड. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांच्यात २१.२. म्हणजे दिसायला किडकिडीत असलेल्यांनीही थिएटरात फार मोठ्यानं हसू नये.

वन्सं तर आमच्या घरात सगळ्यांत कमी जेवतात. गेली कित्येक वर्षं गणवेशाच्या कारखान्यात शिलाईवर आहेत. शाळा उघडायच्या आधीचे हे दोन महिने तर मान वर करायला फुरसत नसते. सकाळी मशिनवर बसल्या की संध्याकाळपर्यंत उठणं नाही, मध्ये साखरेचा चहा आणि बिस्किटं, कारण डबा उघडण्यापेक्षा ते लवकर होतं. घरी आल्यावर फिरायला जा म्हणावं, तर सात वाजेपर्यंत रस्ता तापलेला, नंतर कुत्री. झोपायला बारा. कमी झोपेनं भूक वाढते हेही आता सिद्ध झालंय, पण त्यांना ते सांगून काय उपयोग, झोप काय दुकानात मिळते?

मागच्या महिन्यात त्यांचं बीपी वाढलं म्हणून मीच दवाखान्यात घेऊन गेले होते. डॉक्टरांनी वजन बघितलं, तोंडावर ताबा ठेवा म्हणाले, मग दर तासाला उठून पाच मिनिटं चाला. वन्संनी बोटांवर मोजलं आणि विचारलं, "डॉक्टर, आमचं नगावर असतंय. पाच मिनिटं म्हणजे माझे दोन नग गेले. दिवसाचे किती झाले सांगा की ओ." डॉक्टर हसले आणि गोळी लिहून दिली, सकाळी एक.