आमची वाटचाल : भांडीबाजारातून, पायी

नाशिकमध्ये पूर किती आला हे फुटांत कुणी विचारत नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं, एवढंच विचारतात. मारुतीच्या कमरेला लागलं की खालच्या फळीवरचा माल वर चढवायचा आणि छातीला लागलं की शटर ओढून घरी जायचं, असा आमच्या अण्णांचा नियम. 2 ऑगस्ट 2016 ला पाणी इतक्या झपाट्यानं चढलं की नियम पाळायला सवडच मिळाली नाही. भांडीबाजारातल्या आमच्या दुकानात मांडीइतकं पाणी होतं. पितळी पातेली तरंगत तरंगत दाराशी येऊन अडकली होती.

आज मी लोकांना जुन्या नाशकातून पायी फेरीला नेते, तेव्हा मात्र अंबडच्या एका कारखान्यात अकाऊंट्सला होते. गाळ काढायला ऑफिसातले पाच-सहा जण आले. कुणी इंदिरानगरचे, कुणी गंगापूर रोडचे, एक जण सिडकोतला. दहा-बारा वर्षं नाशकात राहिलेली माणसं, पण दिवाळीची खरेदी सोडली तर मेन रोडच्या आत कुणी शिरलेलं नव्हतं. दुपारी त्यांना जेवायला घेऊन निघाले. वाटेत एक जण थांबून म्हणाला, "काहीतरी जळतंय." जळत काही नव्हतं, कल्हई चालली होती. नवसागराचा तो वास मला इतका सवयीचा की वेगळा असा कधी जाणवलाच नव्हता.

पुढच्या रविवारी तोच माणूस आईला घेऊन हजर. आईच्या पिशवीत दोन पातेली, वीस वर्षं माळ्यावर पडलेली. "कल्हईवाले कुठं बसतात ते दाखवशील का?" आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणाल तर ती बाई. पैसे घेतले नाहीत, घ्यायचे असतात हेही सुचलं नाही.

या फेऱ्यांची व्यवसाय म्हणून सुरुवात जानेवारी 2017 मध्ये झाली. माणशी अडीचशे रुपये आणि सहा माणसं, त्यातल्या दोन माझ्या मावसबहिणी. पहिल्या फेरीत मी नऊ ठिकाणी खायला घातलं. हौस, दुसरं काय! मिसळ, मग साबुदाणा वडा, मग जिलेबी, मग उलटा वडापाव. हा आमच्याकडचा प्रकार: पावात भाजी भरायची आणि अख्खा पाव बेसनात बुडवून तळायचा. चौथ्या दुकानापाशी लोक पायरीवर बसले. सरकारवाड्यासमोर एक काका म्हणाले, "बाई, इतिहास नंतर सांगा, आधी सोडा मिळतो का बघा." आता तीनच ठिकाणी खाणं. बाकीच्या वेळात बघायचं आणि बोलायचं.

खाण्याची ठिकाणं निवडताना आम्ही एक ठरवलं. सायंताराचा साबुदाणा वडा, बुधाची जिलेबी, कोंडाजी आणि मकाजीचा चिवडा ही नावं विचारतच लोक नाशकात उतरतात. त्यांना आमची गरज नाही. आम्ही पत्ता सांगतो आणि पुढं जातो. फेरीत घेतो ती बिनपाटीची ठिकाणं: सकाळी साडेसातला उघडून अकराला पातेलं पालथं घालणारी. मिसळीबद्दल माझं मत जरा जुनाट आहे. शहराबाहेर मळ्यात झोपाळे टांगून, चुलीवरची म्हणून देतात ती मिसळ वाईट नसते. पण आमच्या लहानपणी मिसळ खायला कुणी गाडी काढून जात नसे. स्टीलच्या ताटलीत मटकी, वर शेव, कांदा, बाजूला रश्शाची वाटी, पापड, आणि "रस्सा?" असं विचारत फिरणारा पोऱ्या. रस्सा काळा की लाल यावर आमच्या पाहुण्यांची भांडणं होतात. मी त्यात पडत नाही. घरात अण्णा काळ्याचे आणि भाऊ लालचा, तेवढं पुरे आहे.

पहिल्या वर्षातली खरी चूक खाण्याची नव्हती, पैशांची होती. सहा महिने झाल्यावर मला वाटलं, आपण दुकानांना गिऱ्हाईक आणून देतो तर दहा टक्के मागायला काय हरकत आहे? एका जिलेबीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी झाऱ्या खाली ठेवला नाही, मान वर केली नाही. म्हणाले, "पोरी, रविवारी सकाळी माझं गिऱ्हाईक रांगेत उभं असतं. तुझे दहा जण मधे उभे राहून फोटो काढतात. दहांत मिळून पाव किलो घेतात. आता सांग, कमिशन मी तुला द्यायचं का तू मला?"

घरी येऊन मी वही काढली आणि त्यांच्या बाजूनं हिशेब मांडला. वीस मिनिटं अडलेली रांग, पाव किलोची विक्री. ते बरोबर होते आणि मी अकाऊंटंट असून मला ते दिसलं नव्हतं. तेव्हापासून दुकानदाराकडून आम्ही एक रुपया घेत नाही. त्याच्या सवडीची वेळ विचारून जातो, सगळ्यांच्या खाण्याचे पैसे आधी देतो. आणि जिथं विकायला काही नसतं, नुसतं काम बघायचं असतं, तिथं कारागिराला त्याच्या वेळेचे पैसे वेगळे. यामुळे फेरीचा दर वाढला, काही लोक "चालायचे एवढे पैसे?" म्हणून परत गेले. जाऊ देत. काकांनी मात्र पुढच्या महिन्यात स्वतःहून सांगितलं, "मंगळवारी चारला ये, तेव्हा पहिला घाणा असतो."

अशा पैसे देऊन बघण्याच्या जागांमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो तो कल्हईवाल्या चाचांपाशी. भद्रकालीच्या बाजूला एका बोळात त्यांची भट्टी आहे. भांडं आधी घासून लख्ख करतात, मग कोळशावर धरतात. पूर्वी हाताचा भाता होता, आता विजेचा पंखा. तापलं की नवसागराची चिमूट टाकतात, पांढरा धूर उठतो, आणि त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं आतून एकच फेर. काळपट पातेलं डोळ्यांदेखत चांदीचं होतं. मग पाण्यात, चर्र. हे सगळं मिनिटभरात. एकदा एका केमिकल इंजिनीअर पाहुण्यांनी सांगितलं, "कथील 232 अंशांना वितळतं." चाचा म्हणाले, "असेल साहेब. आम्हाला धूर बघून कळतं." पाहुण्यांच्या मुलीनं विचारलं, हे करायचंच कशाला? याचं उत्तर आमच्या घरात पाठ आहे: कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवून बघ. कळकतं, म्हणजे धातूला लागून खराब होतं. तिला "कळकणं" हा शब्द माहीत नव्हता. चाचांना मराठी म्हणून तो ठाऊक होता आणि तिला नाही, याची मला गंमत वाटली.

चाचांकडून आम्ही तांबट आळीकडे जातो. तिथं आता ठोक्यांचा आवाज पूर्वीइतका नाही. हातानं मठारलेला हंडा आणि मशीनचे ठोके मारलेला हंडा शेजारी ठेवून अण्णा पाहुण्यांना ओळखायला लावतात. मशीनचे ठोके कवायतीसारखे एका ओळीत. हाताचे जवळून बघितले तर एकसारखे दोन सापडायचे नाहीत. आणि ती नुसती नक्षी नसते, ठोक्यानं पत्रा कडक होतो, हंडा आपलं वजन पेलतो. हे सांगताना अण्णा टिचकी मारून दोन्ही वाजवून दाखवतात. ज्यांना फरक ऐकू येतो त्यांच्यावर ते खूश असतात.

एक हंडा किती हातांतून जातो हेच आमच्या फेरीचं सूत्र झालं, पण ते मी योजलेलं नव्हतं. मारवाडी व्यापाऱ्याकडचा पत्रा, तांबटाचा हातोडा, आमचं दुकान, चाचांची कल्हई, आणि घेणारी बाई पेठ-सुरगाण्याकडची, लेकीच्या लग्नाचं आंदण घ्यायला आलेली. बुधवारी गंगेवरच्या बाजारातून मिरच्या घेऊन तीच बाई आमच्याकडे येते. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, बाहेरच्या पाहुण्यांचा दर वेळी गोंधळ होतो.) "नाशिक नव टेकांवर वसविलं" ही म्हण सांगायची तर पाय दुखल्यावर सांगावी, चढ-उतारानं आपोआप पटते. मोगलांच्या वेळचं गुलशनाबाद हे नाव मी दूध बाजारात सांगते, कारण तिथं एका चहावाल्याला ते फार आवडतं. मी विसरले तर तोच सांगतो.

रमजानमधली संध्याकाळची फेरी 2018 ला सुरू केली. भावाचा विरोध होता, त्याला वाटायचं आपले लोक येणार नाहीत. लोक आले. अडचण दुसरीच निघाली. चाचांनी आधीच बजावलं होतं, "दिवसभराचे उपाशी लोक खजुराकडे बघत बसलेले असतात, तेव्हा कॅमेरे घेऊन फिरू नका. अजान होऊ दे, मग या, बसा, खा." तेव्हापासून नियम आहे: पहिला अर्धा तास फोन पिशवीत. फोन पिशवीत गेले की लोक विचारायला लागतात. शिरखुर्म्याच्या शेवया किती बारीक, चारोळी कुठून आणता, दूध ईदच्या आदल्या रात्री किती लागतं. एका पाहुण्या आजींनी नानकटाईवाल्याला स्वतःची नानकटाई का बसते ते विचारलं. त्यानं तूप जास्त पातळ करता म्हणून सांगितलं. पंधरा मिनिटं तेच. मी मध्ये बोललेच नाही.

रंगपंचमीची फेरी आम्ही एकदाच केली. तिवंधा चौकातली पेशवेकालीन रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद, त्या दिवशी उघडतात, वर्षभर ती जमिनीखाली झाकलेली असते. त्यात उडी मारायची त्याला धप्पा म्हणतात. आमच्या एका पुणेकर पाहुण्यानं खिशातल्या फोनसकट धप्पा मारला आणि नंतर भरपाई माझ्याकडे मागितली. आता रंगपंचमीला आम्ही सुट्टी घेतो आणि स्वतः धप्पा मारतो.

मार्च 2020 ला अठरा बुकिंग होती. सगळ्यांना पैसे परत केले. ज्या बुकिंगच्या वेबसाइटवरून काही जण आले होते तिनं मात्र आमचे पैसे सात महिने अडकवून ठेवले. रोज फोन, रोज नवीन मुलगी, रोज तेच "सर, चेक करून सांगते." मी सर नाही हेही कुणाला सांगून उपयोग झाला नाही. त्या रिकाम्या महिन्यांत भावानं डब्याची कल्पना काढली. फेरीतल्या दुकानांचा चिवडा, नाशिकचे मनुके, एका मावशींची लसणाची चटणी आणि आमच्या दुकानातली एक पितळी वाटी. 2021 च्या दिवाळीत 340 डबे गेले. खरं सांगायचं तर आजही फेऱ्यांपेक्षा डब्यांतून पैसा जास्त सुटतो. फेरी आम्ही का चालवतो असं भाऊ दर मार्चला हिशेबाच्या वेळी विचारतो, आणि दर शनिवारी माझ्याआधी बूट घालून तयार असतो.

आता 2027 च्या सिंहस्थाची तयारी चालली आहे. एजंटांचे फोन येतात: पन्नास-पन्नासचे ग्रुप, तासाभरात सगळं दाखवा. ज्या बोळात चाचांची भट्टी आहे तिथं दहा माणसं उभी राहिली तर अकराव्याला सायकल काढता येत नाही. मी नाही म्हणते. भाऊ म्हणतो, पन्नासांना पाच वेळा न्यावं. यावर घरात अजून एकमत नाही.

गेल्या श्रावणात एका शनिवारी सकाळी अण्णांचा फोन आला. "मारुतीच्या कमरेला लागलंय. आज माणसं आणू नकोस. आणि येताना चार हात घेऊन ये." मी सगळ्यांना निरोप टाकला, पण एक नवरा-बायको तोवर दुकानापाशी येऊन थांबले होते. परत जा म्हटलं तर जाईनात. मग दोन तास आम्ही सगळ्यांनी मिळून खालच्या फळीवरची पातेली, घागरी, तपेली माळ्यावर चढवली. अण्णा खालून नावं सांगत होते आणि बाई वरून एकेक तपासून विचारत होत्या, हे घंगाळ की हंडा? पाणी कमरेवरच थांबलं, दुकानात आलं नाही.

त्यांचे फेरीचे पैसे मी परत केले. अण्णांनी त्यांना दोन पितळी वाट्या दिल्या. मी बघितलं तर कल्हई न केलेल्या होत्या. म्हटलं, "अण्णा, कल्हई केलेल्या द्या ना."

"राहू दे," म्हणाले. "कल्हईला यावं लागेल परत."