आदरार्थी बहुवचन

विलेपार्ले पूर्वेतल्या आमच्या सोसायटीचा मी चार वर्षे सचिव आहे आणि एवढ्या काळात कोणाशीही एकेरीवर आलो नाही, याचा मला थोडा अभिमान होता. पुनर्विकासाच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तो अगदीच अनाठायी वाटणार नाही. वर्षानुवर्षे एकमेकांकडे दिवाळीचा फराळ पाठवणारी घरे घराच्या कार्पेट क्षेत्रफळातल्या दहा-वीस फुटांवरून अरेतुरेवर येतात. त्यात आमचा भाग विमानतळाच्या फनेल झोनमधला, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालचा. इमारतीच्या उंचीवर मर्यादा असल्याने बिल्डरला विकायला फ्लॅट कमी मिळतात, म्हणून तो आमच्या वाट्याचे क्षेत्रफळ वाढवायला तयार नसतो, आणि त्याचा राग निघतो तो सचिवावर.

सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ रोजी निघालेल्या निर्देशांनुसार विकासक निवडण्याची सभा निबंधकांच्या प्राधिकृत अधिकाऱ्यासमोर घ्यावी लागते, आणि तिचे चित्रीकरणही करावे लागते. एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या एका मतावाचून आमचे काही अडणार नव्हते, हे मला पक्के ठाऊक होते.

तरीही त्यांनी 'मधल्या काळात आम्ही राहायचं कुठे?' हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तेव्हा माझा तोल गेला. दोन वेळा मी भाड्याचा आकडा सांगितला होता. प्रस्तावाची मुदत संपत आली होती आणि तो हातचा गेला तर खापर माझ्या डोक्यावर फुटणार, ही धास्ती दुपारपासून पोटात होती. मी माइकवर, चक्क हात जोडून म्हणालो, 'काका, आपण थोर आहात. आपली आज्ञा होईपर्यंत बाकीची घरं ताटकळली तरी आमची काही हरकत नाही.' हॉल हसला. ठराव बहुमताने मंजूर झाला.

इतिवृत्त लिहिण्यासाठी मी ते चित्रीकरण घरी लावून बसलो, तेव्हा हसण्याच्या आवाजात काका मला पहिल्यांदा दिसले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि खुर्ची मागे आहे ना हे हाताने चाचपून खाली बसले. पुढचा तासभर ते एक अक्षर बोलले नाहीत. मी मात्र प्रत्येक वाक्यात 'आपण' आणि 'कृपया' पेरत होतो. समोरच्याने 'तू' म्हटले तर निदान 'तोंड सांभाळून बोला' असे सुनावता येते. 'आपण थोर आहात' याला माणसाने काय उत्तर द्यायचे? तक्रार केली तर तोच हळवा ठरतो. माझ्या आदरार्थी बहुवचनाने मी त्यांना बोलायलाच जागा ठेवली नव्हती.

रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो. सॉरी म्हणायचे वाक्य जिन्यातच जुळवून ठेवले होते. ते अर्ध्यावर आले तोच डोक्यावरून विमान गेले आणि पार्ल्याच्या रिवाजाप्रमाणे आम्ही दोघेही आवाज विरेपर्यंत गप्प राहिलो. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून चहा घेऊन आल्या. काचबिंदूने त्यांची नजर बरीच गेली आहे, हे मी ऐकून होतो, पण घरात त्या कशा वावरतात ते कधी पाहिले नव्हते. डाव्या हाताची बोटे भिंतीवरून सरकवत त्या येत होत्या. कपाटाच्या कोपऱ्याशी बोटे क्षणभर थांबली, मग टीपॉय. भिंतीवर त्या उंचीला रंग उडून एक गुळगुळीत पट्टा तयार झाला आहे.

'भाड्याचा प्रश्न नाहीच रे,' काका म्हणाले. सभेत ते मला 'सचिवसाहेब' म्हणतात. इथे लहानपणापासूनचा 'अरे' परत आला आणि मला केवढे हायसे वाटले. 'हिला नवं घर हाताने पाठ करावं लागेल. आणि मग तीन वर्षांनी पुन्हा एक.'

तीनही वेळा त्यांनी 'कुठे' विचारले होते आणि मी 'किती' सांगत राहिलो होतो. मी माफी मागितली, या वेळी जुळवलेले वाक्य सोडून. त्यांनी ती मानली की नाही, ते कळले नाही; त्यांनी एवढेच विचारले, 'ते हसणं रेकॉर्डिंगमध्ये आलंय का?'

आले आहे, आणि ते पुसता येणार नाही. म्हणून पुढच्या सर्वसाधारण सभेत, त्या आधीच्या सभेतील माझ्या शब्दांबद्दल मी खेद व्यक्त केला आणि तो इतिवृत्तात नोंदवला. खजिनदारांनी 'याची खरंच गरज आहे का?' असे विचारले. त्यांचा प्रश्नही नोंदवला.

काकांची सही अजून झालेली नाही. आपल्याच रस्त्यावर तळमजल्याचे भाड्याचे दोन फ्लॅट आम्ही मिळून पाहिले. पहिला अंधारा आहे. दुसऱ्याच्या न्हाणीघराला आत उतरायला पायरी आहे, आणि ती काढून द्यायला मालक तयार आहे का, हे विचारायला मी उद्या जाणार आहे.