प्लगचा रंग

टू-स्ट्रोक गाडी सगळ्यात झकास पळते ती पिस्टन धरायच्या, म्हणजे तापून सिलिंडरमध्येच जाम व्हायच्या, आधीच्या दोन मिनिटांत. हे कोणी आधी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं म्हणा.

माझी आरएक्स 100 आहे 1994ची. यामाहाची ही गाडी आपल्याकडे 1985 ते 1996 बनली. 98 सीसी, 11 हॉर्सपॉवर, आणि अंगाने सडपातळ. म्हणून तर पोरांनी ती मातीत उतरवली. मीही हेडलाइट काढला, बटन टायर घातले, ऑइल पंप उतरवून टू-टी (2T, टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल थेट पेट्रोलच्या टाकीत ओतायला लागलो. उरला पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्बोरेटर, आणि तिथंच माझा शहाणपणा संपला.

जेट म्हणजे पितळेचा शेंगदाण्याहून लहान तुकडा. त्याच्या मधोमध पेट्रोल जायला बारीक भोक, अंगावर नंबर. पायलट जेट स्लोला आणि सुरुवातीच्या उचलीला. मधल्या एक्सलेटरला सुई. तिच्यावर खाचा असतात, क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. मूठ पाऊण पिळल्यावर मात्र कारभार मेन जेटकडे. (भोक साफ करायला वायरची तार घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. तार दिसली की आमचे मेकॅनिक मामा अजून माझ्या हातावर चापट मारतात.)

जानेवारीतली दुपार होती. पुण्याबाहेरच्या माळावर गाडी फुल रेसला भर्र-भर्र अडखळत होती, सायलेन्सरमधून काळं तेल गळत होतं. पेट्रोल जास्त होतंय, हे मलाही कळलं. मेन जेट एक नंबर लहान टाकला. आणि काय सांगू, गाडी सुटलीच! त्या रात्री मी घरी फार बोललो.

दुसऱ्या दिवशी पहाटे, धुक्यातच, पुन्हा माळावर. तिसऱ्या चकरेत सरळ पट्ट्यावर आवाज पातळ झाला, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. मला वाटलं, वा! पुढच्या क्षणी मागचं चाक जाम. क्लच दाबेपर्यंत मी ढेकळांत.

मामांनी ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग खोलून उन्हात धरला. टोक खडूसारखं पांढरं.

"काल दुपारी सेट केलीस ना?"

"हो मामा."

"थंड हवा जाड असते. हवा जास्त शिरली, पेट्रोल तेवढंच. आणि तुझं ऑइलही पेट्रोलातच. म्हणजे उपाशीही ठेवलीस आणि कोरडीही."

सिलिंडर काढला तर पिस्टनवर उभे ओरखडे, मांजराने नखं मारल्यासारखे. बोअरिंग, नवा पिस्टन, रिंगा. खर्चाचा आकडा घरी अजून माहीत नाही.

आता मी चार जेट चुन्याच्या डबीत घेऊन फिरतो. पट्ट्यावर मूठ पूर्ण पिळायची, तशीच धरून क्लच दाबायचा, इंजिन तिथल्या तिथं बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग आला की ठीक. काळा आला तर जेट लहान, पांढरा आला तर मोठा, तोही ताबडतोब. महाबळेश्वरला जुळलेली गाडी पोलादपूरला उतरली की हाच खेळ पुन्हा.

परवा लग्नाला निघताना बाल्कनीत उभा राहून मी म्हणालो, "आज हवा जाड आहे."

बायको म्हणाली, "मग स्वेटर घाल."