बॅटरीचं शिसं आणि लाइन शाफ्टचं बेअरिंग

“मिस्त्री, शाफ्टचं बेअरिंग पुन्हा तापून राहिलं जी. दोनदा भरलं, दोन्ही खेपा गेलं.”

वणी तालुक्यातल्या एका जुन्या जिनिंगमधून हा फोन आला तेव्हा दसरा होऊन चार दिवस झाले होते. फाटकावर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. डबल रोलर रेच्यांची, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांची, अख्खी रांग पट्ट्यांवर फिरवणारा ७५ मिलिमीटरचा लाइन शाफ्ट, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) दोन भागांच्या पेडेस्टलमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या बैठकीत, बसलेला. या जुन्या पेडेस्टलला तयार बेअरिंग मिळालं नाही. आतलं व्हाइट मेटल, म्हणजे शाफ्ट ज्यावर फिरतो तो मऊ मिश्रधातू, वितळवून पुन्हा भरणं एवढाच इलाज.

वरचा भाग उघडला. धातू ओढला जाऊन तेलाच्या खाचेत चोंदला होता. तेल स्वच्छ, शाफ्टवर तेल चढवणारी तेलकडी मोकळी फिरत होती, दोरी ताणून पाहिली तर शाफ्ट सरळ. मग राहिला धातूच. तिथल्या फिटरला विचारलं, “भाऊ, मेटल कोणतं टाकलं?” तो म्हणाला, “अर्धं नवीन, अर्धं बॅटरीच्या प्लेटा वितळवून. कथील लय महाग आहे जी.”

आजार इथेच होता. व्हाइट मेटल दोन जातीचं. एकात कथील मुख्य, सोबत साधारण ७-८ टक्के अँटिमनी आणि ३-४ टक्के तांबं. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं ते याच घराण्यातलं. दुसऱ्यात शिसं मुख्य, अँटिमनी १५ आणि कथील १० टक्क्यांच्या आसपास. हळू शाफ्टला दुसरंही चालतं, त्याला कमी लेखू नये. पण दोन्ही एकत्र करायचे नाहीत. कथील आणि शिसं यांचा मिलाफ १८३ अंश सेल्सिअसलाच वितळतो. तो धातूच्या कणांमध्ये शेवटी गोठतो, आणि बेअरिंग जरा तापलं की तिथूनच धातू मऊ पडतो.

खात्रीसाठी लोखंडी पत्र्यावर तीन गोष्टी ठेवल्या: बेअरिंगचा तुकडा, नवीन मेटलचा तुकडा आणि डागकामाची सोल्डर तार. खालून मंद आच. तार वितळली त्याच सुमारास बेअरिंगच्या तुकड्याला बारीक मण्यांचा घाम फुटला. नवीन तुकडा कोरडाच.

जुना धातू शेवटच्या कणापर्यंत काढला. बीड तेल पितं, म्हणून दोन्ही भाग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळले, तापवून उरलेलं तेल जाळलं, तारेच्या ब्रशने घासले. मग कल्हई. बिडातल्या ग्राफाइटमुळे ती सहजासहजी धरत नाही. जस्त विरवलेलं तेजाब आणि नवसागर लावून, कापसाच्या बोळ्याने शुद्ध कथील फिरवत राहावं लागतं. काळा ठिपका दिसला की तेवढी जागा पुन्हा. चौथ्या खेपेला सगळीकडे चकाकी आली. पेडेस्टलमध्ये धातू अडकून राहावा म्हणून आत रुंद होत जाणाऱ्या डव्हटेल खाचा होत्या, पण नुसत्या खाचांवर विसंबू नये. धातू बिडाला चिकटला नाही तर उष्णता बाहेर जायला वाटच राहत नाही.

मधोमध शाफ्टच्या जागी ६९ मिलिमीटरचा मँड्रेल, म्हणजे साच्याचा गोल दांडा, उभा केला, त्यावर दिव्याची काजळी धरली. दोन भागांच्या सांध्यात मँड्रेलला टेकतील असे पत्रे घातले. फटी फायर क्लेने, म्हणजे आच सोसणाऱ्या मातीने, बुजवल्या आणि ती पूर्ण वाळू दिली. इथे घाई करूच नका. ओल्या मातीला किंवा थंड, दमट पळीला वितळलेला धातू लागला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू तोंडावर उडतो. खिडकीतून वारा खेळता, डोळ्यांना चष्मा, हाताला चामडी मोजे. गॅल्व्हनाइज्ड भांडं वापरू नका, जस्त धातूत उतरतं.

लागणारा धातू सव्वातीन किलो, साडेचार वितळवला. थर्मोकपलवर, म्हणजे ताप मोजायच्या तारेवर, ४२० अंश. तो नसेल तर सुकी पाइनची काडी बुडवावी: ती करपावी, पेट घेऊ नये. थंड ओतलं तर तांब्याचे काटे तळाशी बसतात, फार तापवलं तर कथील जळून मळी होते. तळापासून ढवळलं, मळी काढली. कल्हई अजून ओली असताना, म्हणजे पेडेस्टल २४० च्या वर आणि मँड्रेल त्याहून किंचित गरम असताना, एकाच धारेने ओतलं. धार तुटली की तिथे सांधा राहतो. मग खालून पंख्याचा वारा सोडला, म्हणजे धातू खालून वर गोठत येतो, आणि वर आटेल तसा भरत राहिलो.

थंड झाल्यावर टोला मारला. ठणठणीत आवाज आला. बद्द आला असता तर चिकटलं नाही असं समजायचं. कडांना रॉकेल लावून पुसलं आणि खडू फिरवला, कुठेच ओल पाझरली नाही.

लेथवर बोअर करून शाफ्टला प्रशियन ब्लूचा, म्हणजे कुठे टेकतं ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा, पातळ हात दिला आणि स्क्रेपरने ठिपका-ठिपका उतरवलं. ढिलाई ७५ च्या शाफ्टला ०.०७५ मिलिमीटर हवी. शाफ्टवर शिशाची तार ठेवून वरचा भाग आवळला, चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजली: ०.०८. सांध्यातल्या शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, तशाच ठेवल्या. पट्ट्याच्या ओढीच्या बाजूला आधी तेलाची खाच पाडलेली होती. या खेपेला ती तिथे पाडलीच नाही. खाच नेमकी भाराखाली आली की तेलाचा थर तुटतो.

अर्धा तास रिकामा, मग एकेक पट्टा चढवत गेलो. चार तासांनी पूर्ण भारावर ५४ अंश. दुसऱ्या दिवशी सकाळी तेल काढून पांढऱ्या फडक्यावर ओतलं, चंदेरी कण नव्हते. बॅटरीमिश्रित धातूच्या डब्यावर खडूने “शिसं मिसळलेलं” लिहून तो वेगळ्या कपाटात ठेवायला सांगितला.