मीडिया मायनर आणि पूर्व भागातला कारखाना

सुट्टीला सोलापूरला घरी आल्यापासून सगळे एकच विचारतायत, इकॉनॉमिक्स मेजर आहे ना मग मीडिया मायनर कशाला, आणि ते पण ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत, तिथं बायबल शिकवतात का. अहो सकाळी छोटी प्रार्थना असते, मग लेक्चर. आणि मराठीत १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक अहमदनगरला अमेरिकन मिशनऱ्यांनीच काढलं की. एथिक्सचा पेपर मात्र आमचे सर फार मनापासून शिकवतात, ज्याची बातमी करताय त्या माणसाचा मान आधी.

आज असाइनमेंटसाठी पूर्व भागात एका पॉवरलूम कारखान्यात गेले होते. रेकॉर्डिंगमध्ये नुसता खडखडाट, शेवटी तिथल्या काकांना बाहेर जिन्यात घेऊन बसले. मजुरीचं बोलले, सुताच्या भावाचं बोलले, डाव्या कानानं आता कमी ऐकू येतं ते पण सांगितलं, घरात तेलुगू पण माझ्याशी एकदम सोलापुरी मराठी, आणि मधेच म्हणाले, "पोरी, आवाज घे, फोटो नको, मालक बघतील." कॅमेरा बॅगेतच ठेवला. बोटांवर सुताचा पांढरा कोंडा बसलेला, शॉट भारी आला असता, तरी नाहीच काढला.

येताना चार हुतात्मा चौकात थांबले. त्यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' पेपरचे संपादक, १२ जानेवारी १९३१ ला इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिली. आपल्याच गावचा संपादक, आणि शाळेत आम्हाला फक्त नाव पाठ करायला लावलं, हे मला खरंच लागलं. पुढचा प्रोजेक्ट त्यांच्यावरच करणार. कुणाच्या घरी जुने अंक, कात्रणं असतील तर प्लीज सांगा.