तुम्ही विचारलंत म्हणून: हाताला सूज आलीये का?

लेडीज डब्यात वरची कडी धरली की शेजारची बाई हमखास विचारते, "ताई, हाताला सूज आलीये का?" सूज नाही हो. ती माझ्या जांघेवरची कातडी आहे, चरबीसकट. दिवाळीचा फराळ जास्त झाला की पोटाबरोबर हाताची पाठही सुटते, खोटं नाही सांगत.

आठ वर्षांपूर्वी गणपतीत तळणीची कढई कलंडली आणि तेल उजव्या हातावर आलं. दुखू नये म्हणून मी हात सोयीचा वाटेल तसा उशीवर ठेवायचे. तिथंच फसले. भाजलेली जखम भरताना आकसते आणि हात जसा आरामात ठेवाल तसाच आखडतो. मुठीचे सांधे मागे ओढले गेले, मधले सांधे वाकले, अंगठा आत चिकटला. हुबेहूब कोंबडीचा पाय. सुरुवातीपासून स्प्लिंट, म्हणजे हात योग्य स्थितीत धरून ठेवणारी कडक पट्टी, हवी होती. ती कुणी लावली नाही, मलाही ठाऊक नव्हतं.

प्लास्टिक सर्जरी म्हटल्यावर चाळीत सगळ्यांना वाटलं, हात आता गुळगुळीत होणार. सर्जननी मात्र विचारलं, "या हातानं काय करायचंय?" मी म्हटलं, भाकरी.

आखडलेली कातडी कापून सांधे मोकळे केले, बोटांत तारा घातल्या. खाली कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, उघड्या पडल्या. मांडीची पातळ साल काढून लावली असती तर ती तिथं तगली नसती, कारण तिला खालून रक्त लागतं आणि उघड्या कंडरांवर ते मिळत नाही. म्हणून जांघेवरच्या कातडीचा पट्टा एका टोकाला तिथंच जोडलेला ठेवून दुसरं टोक हातावर शिवलं. तीन आठवडे हात जांघेला शिवलेला! शिंकसुद्धा जपून. सासूबाई भरवायच्या, केस विंचरायच्या. हातातल्या रक्तवाहिन्या पट्ट्यात शिरल्यावर तो कापून हात सोडवला.

ऑपरेशन मी झोपेत काढलं, फिजिओथेरपी जागेपणी. घरचा अभ्यास म्हणून मटार सोलायचे. पहिल्या दिवशी पाच शेंगा झाल्या आणि मी रडले. शिवाय आजूबाजूचे व्रण फुगून वर येऊ नयेत म्हणून दाबाचा घट्ट हातमोजा, दिवसाचे २३ तास, मुंबईच्या मे महिन्यातसुद्धा.

नंतर चरबी काढून तो भाग दोनदा पातळ केला, तरी उरलाच. करंगळी अजून पूर्ण मिटत नाही. त्यामुळे भाकरी एका कडेला जाड राहते. नवरा ती कड आधी खातो, गरम असताना.