व्हॅन घेताना अ‍ॅव्हरेज बघायचं की अंथरूण?

व्हॅन घेऊन दोन-तीन महिने किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरत जायचंय असं ज्याला ज्याला सांगितलं त्याने पहिला प्रश्न एकच विचारला, "किती देते?" झोपणार कुठे, आंघोळीचं काय, हे सगळं नंतर. प्रश्न रास्तच आहे म्हणा, पेट्रोल शंभरीच्या वर आणि आमचं बजेट बेताचं, पण गाडी बघायला लागल्यावर हळूहळू कळत गेलं की रोज थोडंथोडं चालवत महिनोनमहिने फिरायचं असेल तर हिशेबाचा आकडा भलतीकडेच असतो. त्यावर पुढे येतेच.

नवऱ्याच्या डोक्यात सुरुवातीला फोर्सची ट्रॅव्हलर होती. आकुर्डीच्या कंपनीची मिनीबस, आत उभं राहून पँट घालता येते, एवढ्या एका मुद्द्यावर तो आठवडाभर भाळलेला. पण डिझेल, लिटरला दहा-अकरा, आणि सेकंडहँड बाजारात मिळतात त्या बहुतेक पिवळ्या पाटीच्या, त्यांना पांढरी पाटी करायची तर आरटीओचा वेगळा सोपस्कार. टाटाच्या विंगरचीही तीच गत. शिवाय दापोलीकडच्या वाड्यांमधले रस्ते आठवून बघा, समोरून एसटी आली की दुचाकीवालासुद्धा गडग्याला चिकटून उभा राहतो, तिथे ते धूड घेऊन रिव्हर्स कोण मारणार. रीतसर कॅरॅव्हॅन करायची तर तिला एआयएस-१२४ नावाचे वेगळे नियम आहेत. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन धोरणसुद्धा २०२१ साली आलंय, पण ते प्रकरण आमच्या खिशाचं नव्हतं.

मग मारुतीची ओमनी. १९८४ पासूनची गाडी, ७९६ सीसी, आमच्याकडे लहानपणी शाळेची व्हॅन म्हणजे हीच. पण २०१९ ला बंद झाली, आता मिळते ती थकलेलीच, आणि घाटात लोड घेऊन चढताना तिचा जीव जातो. पुढे बसलं की गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये फक्त पत्रा, ते मला झेपेना. मग उरली मारुतीचीच ईको. तशी तीही या बाबतीत काही गुणाची नाही, २०१६ साली ग्लोबल एनकॅपने (गाड्यांची सुरक्षितता तपासणारी संस्था) विनाएअरबॅगची ईको आपटून बघितली तेव्हा शून्य स्टार मिळाले होते. म्हणून मी अट घातली की ईको घ्यायची तर निदान पुढच्या दोन एअरबॅगांची, म्हणजे २०२२ च्या शेवटी नवीन १.२ लिटरचं इंजिन आलं त्यानंतरचीच. त्याने बजेट वाढलं, वाढू दे म्हणलं.

आता खरा वाद. सीएनजी की पेट्रोल. गाडी दाखवणारा दादा तर आम्ही खुळेच आहोत अशा नजरेने बघत होता. "मॅडम, ईको आणि पेट्रोल? आजकाल कुणी विचारत नाही बघा. सीएनजी घ्या, डोळे झाकून." कंपनीचा आकडा पेट्रोलला १९.७१ आणि सीएनजीला किलोला २६.७८, ऐकायला तर झकासच. पण आम्ही कागदावर मांडलं. सामान भरलेल्या गाडीला पेट्रोलवर १६ धरले आणि सीएनजीवर २०, त्यावेळी पुण्यात पेट्रोल १०४-१०५ आणि सीएनजी नव्वदच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये विरुद्ध साडेचार. दोन रुपयांचा फरक. आमचा सगळा प्रवास चारेक हजार किलोमीटरचा, म्हणजे आठ हजार वाचले, आणि सेकंडहँडमध्ये सीएनजीवालीला साठ-सत्तर हजार जास्त सांगत होते. रोज ऑफिसला किंवा धंद्याला पळवणाऱ्याचे ते पैसे सहज निघतात, तीस-पस्तीस हजार किलोमीटर काय, वर्ष-दीड वर्षात होतात. आमचे कधी निघणार?

त्यात तो सिलिंडर. ६५ लिटरचा आहे असं सांगतात ते पाण्याचं माप, त्यात गॅस भरतो साधारण नऊ किलो, तोही पंपाला प्रेशर नीट असेल तर. म्हणजे रेंज पावणेदोनशे किलोमीटर, की पुन्हा पंप शोधा, रांगेत थांबा, सगळे खाली उतरा. पुण्या-मुंबईत ठीक आहे पण किनाऱ्याच्या आतल्या रस्त्यावर पंप मिळेल तिथे मिळेल. आणि मुख्य म्हणजे तो सिलिंडर बसतो मागच्या सीटच्या मागे, नेमके जिथे आमचे पाय येणार तिथे. मी सरळ पर्समधली टेप काढली (दादा हसला) आणि पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत लावली. पुढची सीट थोडी पुढे सरकवली की नवरा पाय लांब करून झोपू शकत होता, जेमतेम. सिलिंडरवालीत नाही, गुडघे पोटाशी घ्यावे लागणार. तिथल्या तिथे पेट्रोलवाली ठरली.

याच्यावर घरी बरीच चर्चा झाली, सासऱ्यांना तर अजून पटलेलं नाही, म्हणून तो हिशेबही लिहिते. आम्ही दिवसाला सरासरी पन्नासेक किलोमीटरच चालणार होतो. १६ च्या जागी १८ देणारी गाडी असती तर दिवसाला साधारण छत्तीस रुपये वाचले असते. एक वडापाव, दोन कटिंग, झालं. आणि गाडीत नीट झोप लागली नाही म्हणून एक रात्र लॉज घेतला की हजार-बाराशे, सीझनला दोन-अडीच हजार. तेव्हा आधी अंथरूण आणि मग अ‍ॅव्हरेज.

मागची सीट काढायची तर एक गोष्ट. आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी गाडी जुळली पाहिजे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ थोडक्यात हेच सांगतं, त्यामुळे सीट कमी करायच्या आधी आरटीओत विचारून नोंद करून घ्या आणि इन्शुरन्सवाल्यालाही कळवा. व्हिडिओत बघून लोक ग्राइंडर घेऊन सुटतात, तसं करू नका. कार्गोवाली ईको मागे सपाट असते, पण ती मालवाहू गाडी, मागे माणसं बसवायची नाहीत. आम्ही कुठे वेल्डिंग केलं नाही. भवानी पेठेत टिंबर मार्केटमधून बारा एमएमचा प्लाय आणला, तीन तुकडे, बिजागऱ्या, खाली प्लास्टिकचे क्रेट आणि वर फोम. एका क्रेटमध्ये भांडी, एकात कपडे, एकात नवऱ्याच्या वायरी ज्या कशाला लागतात ते मी विचारायचं सोडून दिलंय.

निघालो जानेवारीत, ताम्हिणीतून. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं हे माहीत होतं पण माहीत असणं वेगळं आणि माणगावपर्यंत त्याच्यावर बसून जाणं वेगळं. बुड शेकून निघतं हो! आणि गाडी बंद केल्यावरही ती ऊब तासभर आत येत राहते, म्हणून आम्ही नियमच केला की झोपायच्या तासभर आधी मुक्कामाला लागायचं, दोन्ही सरकती दारं सताड उघडी टाकून मच्छरदाणी लावायची (तिला कडेने लोहचुंबक शिवलेत, पत्र्याला टकटक चिकटते) आणि बाहेर चहा टाकायचा. स्वयंपाक कायम बाहेरच, गाडीच्या आत शेगडी पेटवायची नाही म्हणजे नाही.

दिवेआगर, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून वेश्वीला जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी बोट. ज्यांना कोकणात पेट्रोल वाचवायचंय त्यांनी मायलेजच्या गप्पा सोडाव्यात आणि या फेऱ्यांचं टाइमटेबल बघावं. दापोलीहून खेड-चिपळूण करून गुहागर म्हणजे शंभरेक किलोमीटर. तेच दाभोळला जाऊन गाडी बोटीत घातली आणि धोपाव्याला उतरलात की साधारण निम्म्यात काम होतं, वर वाशिष्ठीची खाडी बघायला मिळते. पुढे तवसाळ-जयगड तसंच. दाभोळला आमच्या पुढे एक मोठी ट्रॅव्हलर होती, तिला चढवताना खलाशी पोरांचा "येऊ दे, येऊ दे, होsss" असा बराच वेळ आरडाओरडा चालला होता, खालून बंपर घासेल म्हणून फळ्या सरकवत होते, आमची ईको उरलेल्या कोपऱ्यात दोन स्कूटरच्या मध्ये गपकन बसली. नवऱ्याने त्या ट्रॅव्हलरकडे जरा आशेने बघितलं, मी खाडीकडे बघितलं.

अ‍ॅव्हरेज विचारणाऱ्यांसाठी, टाकी फुल ते टाकी फुल मोजलेलं. सागरी रस्त्याने पन्नास-साठच्या स्पीडने, एसी बंद, सतराच्या आसपास. घाट आणि एसी असेल तर तेरा-चौदा. निघायच्या आधी एकदा एक्सप्रेसवेला नव्वदने ताणून बघितली होती तेव्हा जेमतेम तेरा. कारण साधं आहे, स्पीड वाढला की हवेचा विरोध वर्गाच्या पटीत वाढतो आणि ईकोचं तोंड म्हणजे सरळ उभी भिंत. म्हणूनच छतावर कॅरिअर नको असं माझं मत आहे, भरलेला कॅरिअर म्हणजे त्या भिंतीवर अजून एक मजला. टाकी ३२ लिटरची, एकदा भरली की पाचशे किलोमीटर बघायला नको. टायरची हवा दर आठवड्याला, बस्स.

वाळूत मात्र ही गाडी घालू नका. मागच्या चाकांवर चालते, चाकं तेरा इंची, रुतली की रुतली. दापोलीकडच्या किनाऱ्यावर एक चांगली दांडगी एसयूव्ही रुतलेली बघितली, भरती चढत होती आणि ट्रॅक्टरवाला निवांत भाव सांगत होता. आम्ही कायम गावातच थांबलो, खाणावळीच्या किंवा होमस्टेच्या अंगणात, दोनशे-तीनशे रुपयांत जागा आणि बाथरूम वापरायला मिळायचं, जेवण त्यांच्याकडेच घेतलं तर बऱ्याच जणांनी तेही घेतले नाहीत. गुहागरच्या पुढे एका काकूंना तर आमचं काही पटेचना. "अगो, खोली रिकामी आहे हो आत. गाडीत कशाला झोपताय, गुरासारखे?" मी म्हणाले, काकू, गाडी बघा तरी. आत डोकावल्या, फोम दाबून बघितला, मच्छरदाणीचं चुंबक दोनदा काढून लावलं, आणि मग नवऱ्याला म्हणाल्या, "बरी आहे की. किती देते?"

गोवा आम्ही जवळजवळ टाळलाच, तेरेखोलच्या अलीकडे थांबलो आणि एका दमात काणकोण गाठलं, सीझनला तिथे अंगणसुद्धा हॉटेलच्या भावात मिळतं. कारवारनंतर पुन्हा स्वस्ताई. गोकर्णाला क्लच जड लागायला लागला तेव्हा चौकातल्या साध्या गॅरेजमध्ये गाडी लावली, केबल त्याच्या खिळ्यालाच टांगलेली होती, भाषा कळत नसताना पाऊण तासात काम झालं. गाडी निवडताना हा मुद्दा मी अ‍ॅव्हरेजच्याही वर ठेवला होता, भाजीवाल्यापासून अ‍ॅम्ब्युलन्सपर्यंत सगळ्यांकडे जी गाडी आहे तिचा पार्ट कुठेही मिळतो.

सध्या गाडी सोसायटीत उभी आहे. पावसाळा संपला की मराठवाड्याच्या बाजूने हंपीकडे जायचं घाटतंय, आणि नवऱ्याने परत कॅरिअरचा विषय काढलाय, या वेळी म्हणे सोलर पॅनलसाठी. मी अजून हो म्हणाले नाहीये.